असई १८०३: आधी नदी, मग पलटणी

४ मे

असईची लढाई टेबलावर, छोटे सैनिक आणि फासे घेऊन खेळायला मांडायची, हे अखेर ठरलं. २३ सप्टेंबर १८०३, दुपारी तीनच्या सुमारापासून दिवस मावळेपर्यंत. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली. जागा आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात.

पानिपतच का नको, असं आमच्या खेळणाऱ्या मंडळींतल्या दोघांनी विचारलं. पानिपतची घोडी रंगवता रंगवता केस पिकतील, हे एक कारण. खरं कारण वेगळं. असईत अर्धी लढाई जमीनच लढते. काठ कुठे उभे, उतार (म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा) कुठे, गाव कोणत्या टोकाला, दोन नद्यांमधली जागा किती अरुंद, यावर सगळं हललं. म्हणून या खेपेला आमचा नेहमीचा क्रम उलटा: आधी जमीन, मग माणसं. एरवी आम्ही महिनोन्‌महिने सैनिक रंगवतो आणि शेवटच्या आठवड्यात हिरव्या कापडावर चार झाडं टेकवून मोकळे होतो.

आणखी एक खाज आहे. परदेशी मंडळींनी केलेली असईची टेबलं पाहिली की बहुतेकदा वाळवंट दिसतं. पिवळी वाळू, खजुरीची झाडं, मागे एखादा घुमट. पाऊस सरत आलेला असताना मराठवाडा कसा दिसतो हे ज्यानं नुसतं एसटीच्या खिडकीतून पाहिलंय, त्यालाही ते पटायचं नाही. काळी ओली माती, डोक्याएवढी बाजरी, बांधाबांधावर गवत. माझं टेबल काळं आणि हिरवं होणार.

६ मे

मापं. टेबल १८० बाय १२० सेंटिमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १५ मीटर, म्हणजे साधारण पावणेतीन किलोमीटर लांब आणि पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद एवढा मुलूख टेबलावर येतो. सैनिक १५ मिलिमीटरचे. या हिशेबानं एकेक शिपाई साडेबावीस मीटर उंच, सातमजली इमारतीएवढा. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा मोठे असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, तसंच हे.

पलटणींच्या मापात मात्र ढिलाई चालत नाही. शिंद्यांचं कवायती पायदळ सुमारे १०,८००. पलटणी १७, तीन कंपूंत (म्हणजे ब्रिगेडींत): शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या कंपूत ८, बेगम समरूच्या ५, द्युपाँच्या ४. सरासरी एका पलटणीत सव्वासहाशे माणूस. दोन रांगांत, खांद्याला खांदा लावून उभी केली तर पलटणीची रुंदी होते पावणेदोनशे मीटर, म्हणजे टेबलावर पावणेबारा सेंटिमीटर. चार सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या, एका पट्टीवर सहा शिपाई.

आता गंमत बघा. १७ पलटणी एका ओळीत लावल्या तर २०४ सेंटिमीटर होतात. दोन नद्या आणि केळणेच्या दक्षिणेची पट्टी सोडली, तर मधे उरतात जेमतेम १००. पोलमनच्या एकट्याच्या ८ पलटणी ९६ घेतात. म्हणजे केळणेपासून असई गावापर्यंतची फळी त्याच्या कंपूनंच भरून जाते आणि बाकीच्यांना मागे जुईच्या काठानं उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. शिंद्यांची दुसरी फळी जुईच्या काठाला होती, हे वाचलं होतं. का होती, ते फूटपट्टीनं सांगितलं.

११ मे

भर उन्हात असईला जाऊन आलो. मे महिना मुद्दाम निवडला, कारण पात्र कोरडं असलं की काठ नीट दिसतात. केळणेच्या पात्रात उतरून वर पाहिलं तर काठ सुरीनं कापल्यासारखा उभा. वर हातभर काळी माती, तिच्यात झाडांची मुळं लोंबलेली, खाली पिवळट मुरूम. पावसाळ्यात हे सगळं निसरडं होत असणार. माणूस कसाबसा चढेल, तोफेचा गाडा शक्यच नाही. अशा काठामागे शंभरावर तोफा लावून बसलेल्या फौजेला समोरून भिडणं म्हणजे आत्महत्या.

म्हणून पिंपळगाव आणि वरूड. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की पुढे कुठे उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन काठांना दोन गावं, एकमेकांसमोर. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर मधे ये-जा असणारच, हा त्याचा तर्क. माणूस पाठवून खात्री केली आणि शिंद्यांच्या डाव्या बगलेला वळसा घालून फौज उतारानं पलीकडे नेली. हे कळायला सेनापतीच पाहिजे असं नाही. इथल्या कुठल्याही गुराख्यानं सांगितलं असतं. फरक इतकाच की शिंद्यांच्या बाजूनं त्या उतारावर कोणी पहारा ठेवला नव्हता.

काठाच्या दोन्ही थरांची माती दोन पिशव्यांत भरून आणली. घरी आल्यावर आईनं विचारलं, “कुठलं तीर्थ केलंस म्हणून माती आणलीस?” काय सांगणार!

२५ मे

सहा फळ्या, प्रत्येकी ६० बाय ६०. खाली ६ मिलिमीटरचं प्लायवूड, वर ५० मिलिमीटर जाडीची फोमशीट. घराच्या गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात ती घट्ट शीट घ्यावी. साधा थर्माकोल कापला की दाणे सुटतात आणि महिनाभर ते कपड्यांतून, ताटांतून निघत राहतात.

जाडी एवढी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक टेबलांवर नदी ही जमिनीवर अंथरलेली निळी पट्टी असते. इथे ते चालणार नाही. नदी जमिनीत खोल गेली पाहिजे, म्हणजे काठावर उभा केलेला शिपाई आणि पात्रातला शिपाई यांच्यातला फरक नियम न वाचताही दिसेल. पात्र चार सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर खोल. तापल्या तारेनं कापलं, कारण कटरच्या पात्यानं उभा काठ सरळ येतो पण कडा तुटतात. मग काठावर तारेच्या ब्रशनं वरून खाली ओरखडे ओढले. पावसाच्या पाण्यानं पडलेल्या घळी अशाच दिसतात.

फळ्या एकमेकींना जिथे भिडतात तिथे पात्राची रुंदी आणि खोली तंतोतंत जुळायला हवी. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचा एक साचा करून प्रत्येक कडेला तोच लावला. उतार पिंपळगाव-वरूडपाशी: तिथे दोन्ही काठ पॉलिश पेपरनं घासून सपाट केले आणि गाड्यांच्या चाकोऱ्या बॉलपेनच्या टोकानं दाबल्या. चाकोऱ्यांची रुंदी बैलगाडीची, सैनिकांच्या मापात.

पूर्वेकडे दोन्ही नद्या एकमेकींकडे झुकत संगमाला जातात, म्हणून त्या टोकाला जमीन निमुळती होते. कंपनीची फौज उतार ओलांडून याच निमुळत्या जागेत आली. दोन्ही बगलांना नदी. बगल मारायला घोडदळाला वाव नाही, पण मागे हटायचं म्हटलं तर तेही नाही.

१४ जून

पाऊस लागला. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) आता दिवाळीपर्यंत कपाटात. दमट हवेत फवारा सैनिकापर्यंत पोचायच्या आतच अर्धा सुकतो आणि अंगावर रव्यासारखा खरखरीत थर बसतो. एकदा बसला की चेहऱ्याचे तपशील गेले. ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरतोय, पातळ दोन हात. आणि कच्च्या फोमवर स्प्रे कोणत्याच ऋतूत मारू नये. त्यातलं द्रावण फोम खातं.

सैनिक दोन प्रकारचे आहेत. कंपनीचे शिशाच्या मिश्रधातूचे, शिंद्यांचे बरेचसे रेझिनचे, प्रिंट केलेले. धातूच्या सैनिकांना भांडी घासायच्या साबणानं धुतलं की साच्याचं तेल निघतं आणि रंग धरतो. शिवण कानशीनं घासायची. रेझिनच्या संगिनी फार ठिसूळ. हात लागला की तुटतात. पलटणीच्या पुढच्या रांगेत धातूचे, मागच्या रांगेत रेझिनचे अशी सरमिसळ केली की उचलताना बोटं आपोआप धातूवर जातात.

प्रायमर काळा, त्यावर कोरड्या ब्रशनं वरून पांढरा. सूर्य डोक्यावर आहे असं धरून. पुढचे पातळ रंग त्यावर बसले की सावली आणि उजेड आयते मिळतात. एवढ्या संख्येला दुसरा मार्ग नाही.

२८ जून

या लढाईत दोन्ही बाजूंचे लोक लाल डगल्यात आहेत.

शिंद्यांच्या कवायती पलटणी महादजींच्या काळात, १७८४ पासून, बेनुआ द ब्वान्य या सव्हॉयच्या माणसानं उभ्या केल्या. कवायत युरोपी, बंदुका त्याच धाटणीच्या आणि डगले लाल. समोर कंपनीच्या मद्रासी पलटणी लाल, स्कॉटिश हायलँडर लाल. तीन फुटांवरून टेबल पाहिलं की सगळा लाल चिखल. प्रत्यक्ष रणात धुराच्या लोटात काय होत असेल ते वेगळंच, पण टेबलावर खेळणाऱ्याला आपली पलटण ओळखता आली पाहिजे.

म्हणून दोन लाल. कंपनीचा लाल झळझळीत: खाली गडद किरमिजी, त्यावर शेंदराकडे झुकणारा लाल, कडांना नारिंगी. शिंद्यांचा लाल देशी, मंजिष्ठेच्या जवळचा: खाली तपकिरी, त्यावर विटेचा रंग, कडांना तोच रंग थोडा गेरू मिसळून. लाल उजळवायला पांढरा कधीही घालू नये, गुलाबी होतो आणि शिपाई वरातीतला वाजंत्री दिसायला लागतो. लाल रंगाची झाकण्याची ताकद मुळात कमी, थेट काळ्या प्रायमरवर तीन हात दिले तरी मळकट राहतो. खाली तपकिरी किंवा किरमिजी पाहिजेच.

दुसरी खूण चामड्याची. कंपनीच्या शिपायांच्या छातीवरचे आडवेतिडवे पट्टे पांढरे, शिंद्यांकडच्यांचे काळे. एवढा एक बदल केला आणि दोन्ही फौजा खोलीच्या दारातून वेगळ्या दिसू लागल्या. शिंद्यांकडे निळी पगडी. मद्रासी शिपायांना आखूड चड्ड्या, पाय उघडे, चड्डीच्या काठाला निळी नागमोडी नक्षी. ही नक्षी १५ मिलिमीटरवर काढायची म्हणजे ट्रिपल झिरो ब्रश आणि श्वास रोखून पाच-सात टिंबं. जवळून पाहिलं तर नुसती टिंबं, हातभर अंतरावरून नक्षी.

हायलँडरांच्या दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी. ७४वीच्या गळपट्टीचा आणि मनगटाचा रंग पांढरा, ७८वीचा फिकट पिवळट. हायलँडर म्हटलं की चौकड्यांचा घागरा हवा असा आग्रह मित्रानं धरला होता. मी ७४वीला पांढऱ्या विजारीच दिल्या. दख्खनच्या चिखलात आणि उकाड्यात तेच शोभतं, शिवाय चौकडी रंगवायचा वेळ वाचतो.

चेहरे एका बाटलीतल्या रंगानं रंगवू नयेत. बाजारात ‘त्वचा’ म्हणून जी बाटली मिळते ती स्कॉटलंडच्याच कामाची. बर्न्ट सिएना, रॉ सिएना आणि थोडा काळा यांची तीन वेगवेगळी मिश्रणं करून प्रत्येक पट्टीवर ती फिरती ठेवली. डोळे काढले नाहीत. या मापात डोळे काढले की माणूस घाबरलेला दिसतो. कपाळाखाली सावली, नाक, गाल आणि हनुवटीवर एकेक ठिपका, बस.

१२ जुलै

नुसत्या पट्ट्यांना खालून चुंबक चिकटवले. पुढे.

२० जुलै

तोफा. शिंद्यांकडे शंभराहून जास्त, कंपनीकडे १७. टेबलावरची एक तोफ म्हणजे आठ असं धरलं, म्हणजे १३ विरुद्ध २. हे प्रमाण टेबलावर मांडून पाहिल्याशिवाय त्यातली दहशत कळत नाही.

शिंद्यांच्या तोफा पंचरशी. पितळी रंग थेट लावला तर खेळण्यातली तोफ होते. आधी गडद तपकिरी, मग पितळी, मग काळपट तपकिरी वॉश (खळग्यांत साचणारा पातळ रंग), आणि तोंडापाशी आणि बत्तीच्या छिद्रापाशी काजळी. काजळीसाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं चोळली. रंगापेक्षा चांगली बसते. गाड्याचं लाकूड धुरकट करडं, पावसात भिजलेलं. गोलंदाजांना निळे डगले दिले, म्हणजे पायदळात मिसळत नाहीत.

या गोलंदाजांवर मी वेळ घालवतोय, कारण असईत खरे लढले ते हे. कंपनीची फळी तोफांपर्यंत पोचली, संगिनी चालल्या, फळी पुढे गेली, आणि मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठून त्याच तोफा उलट्या फिरवून पाठीत बार टाकू लागले. ७८वी हायलँडर आणि ७वं मद्रास घोडदळ घेऊन वेलस्लीला परत मागे यावं लागलं. तेव्हा प्रत्येक तोफेमागे एक उभा गोलंदाज आणि एक पडलेला, असे दोन संच केले. पट्टीवरून उभा काढून पडलेला ठेवायचा. जिवंत की मेलेला, ते फासा सांगेल.

कंपनीच्या तोफांना बैल. शिंद्यांच्या माऱ्यात बैल पडले, तोफा मागेच राहिल्या आणि पायदळ बिनतोफेचं पुढे गेलं. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल कंपनीच्या हाती आले होते आणि वेलस्ली त्यांच्यावर फार खूश होता. राखाडी अंग, मानेकडे गडद होत गेलेलं, शिंगं लांब, मागे झुकलेली. बाजारात मिळणाऱ्या बैलांची शिंगं आखूड आणि बाजूला आलेली. ती कापून तांब्याच्या बारीक तारेची लावली. वायरमनकडे वायरीचे तुकडे मागितले तर त्यानं मूठभर दिले, पैसे घेतले नाहीत.

९ ऑगस्ट

असई गाव. प्रत्यक्षात मातीच्या भिंतीनं वेढलेलं, तटामागे पायदळ आणि आजूबाजूला तोफा. टेबलावर एका बाजूला २० सेंटिमीटर. एवढ्यात सहा घरं, एक चावडी, एक देऊळ आणि तट.

घरं माळवदाची. सपाट मातीची छपरं, भिंती जाड, खिडक्या जवळजवळ नाहीतच. कौलारू घरं कोकणातली, ती इथे आणायची नाहीत. फोमचे ठोकळे, त्यांवर वॉलपुट्टीत फेविकोल आणि चाळलेली माती कालवून हातानं थापलं. ब्रशनं नव्हे, बोटानं. सारवणाची बोटं दिसली पाहिजेत. छपराच्या कडेला पावसाचं पाणी जायला पन्हाळी, आगपेटीच्या काडीची. पाऊस झालेला असल्यामुळे माळवदावर हिरवळीचे पुंजके. हे मी चित्रात पाहिलेलं नाही, आजोळी पाहिलंय.

रंग पांढरीचा. गाव पांढरीवर वसतं आणि शेत काळीत असतं, तेव्हा तटाच्या आतली जमीन आणि भिंती फिकट राखाडी-पिवळट, तट संपला की एकदम काळी. दोन रंगांची ही रेघ केली आणि गाव टेबलावर आपोआप उठून दिसायला लागलं.

७४वी हायलँडर याच गावाच्या माऱ्यात सापडली. पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन चाललेला ऑरॉक असईपासून लांब राहायच्या ऐवजी थेट गावाकडे सरकत गेला आणि त्याच्यामागून ७४वीही. तोफांनी त्यांची चाळण केली, वर शिंद्यांचं घोडदळ येऊन पडलं. उरलेल्यांनी मेलेल्यांच्या देहांचा आडोसा करून चौकोन बांधला. कंपनीच्या घोडदळाचा मॅक्सवेल १९वे ड्रॅगून घोडेस्वार आणि ४थं मद्रास घोडदळ घेऊन धावला म्हणून जे वाचले ते वाचले. तेव्हा गावासमोरची जमीन मुद्दाम उघडी ठेवली आहे. एक झाड नाही, एक बांध नाही.

२४ ऑगस्ट

शेतं. असईहून आणलेली माती चाळणीनं चाळली, मग जुन्या कढईत भाजली. न भाजता वापरली तर वर्षभरात बुरशी आणि किडे. कढई आता स्वयंपाकघरातून कायमची बाद झाली आहे असं मला कळवण्यात आलं.

भाजलेली माती फिकी पडते. फेविकोलच्या पाण्यावर पेरून सुकल्यावर काळ्या आणि गडद तपकिरी शाईचा पातळ हात दिला की ओल्या काळीचा रंग येतो. सुकी काळी करडी दिसते. ओली जवळजवळ काळी. आपल्याला ओली हवी.

बाजरीसाठी काथ्याचं पायपुसणं. दीड सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या कापून उभ्या चिकटवायच्या, वरच्या टोकांना गेरू-पिवळा कोरडा ब्रश, खाली हिरवा. घोडा बाजरीत शिरला की कमरेपर्यंत झाकला जातो. काही शेतं नुसती तुडवलेली केली: पट्ट्या आडव्या दाबून वर मातीचे शिंतोडे. बाभळी तारेच्या, पीळ देऊन, फांद्या चपट्या आणि वर पसरलेल्या. पालवीसाठी भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे पिंजून. मातीच्या रंगाचं खोड आणि फिकट हिरवा विरळ पाला असला की झालं. वडाची दोनच झाडं, एक पिंपळगावला, एक असईच्या वेशीत.

६ सप्टेंबर

पाणी. या टप्प्याला बहुतेक जण पारदर्शक इपॉक्सी ओततात आणि आठवडाभर वास सोसतात. पण पावसाळ्याच्या शेवटी केळणेचं पाणी पारदर्शक असतं कुठे? गढूळ, चहासारखं. तळ दिसत नाही. तेव्हा रेझिनचा खर्चच नको. पात्रात आधी गुळगुळीत पुट्टी, मग रंग: मधे गडद तपकिरी, काठाकडे मुरमाच्या रंगात मिसळत जाणारा, उताराच्या जागी सर्वात फिका, कारण तिथे पाणी उथळ. वर चकचकीत व्हार्निशचे हात, प्रत्येक हात पुरता सुकू देऊन. उतारावर शेवटच्या हातात जाड जेल घेऊन ब्रशच्या टोकानं टिपून खळखळ आणली.

व्हार्निश दमट हवेत ढगाळ होतं. त्यासाठी फळ्यांवर टेबललॅम्पची उष्णता ठेवली, आणि पात्राच्या दोन्ही टोकांना पुट्टीचे बांध घातले म्हणजे व्हार्निश वाहून फळीच्या कडेवरून गळणार नाही.

उतारापाशी कंपनीचा एक घोडेस्वार, डोकं नसलेला, लगाम अजून हातात. नदी ओलांडताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं, ते. मित्र म्हणाला, “हे जरा अति होतंय.” असू दे. पहिला गोळा कुठून आला आणि अंतर किती होतं, हे खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे.

१४ सप्टेंबर

गणपतीत भाची आली होती. तिला घोडे दिले. तिनं विचारलं, “मामा, सगळे तपकिरीच का?” रास्त आहे. मग बसलो दोघं: कुमैत, सब्जा, अबलख, एक पंचकल्याणी. घोड्यांना तेलरंगाचा हात द्यायचा, दहा मिनिटांनी स्पंजनं पुसायचा. खळग्यांत गडद राहतो, उंचवट्यावर खालचा रंग दिसतो. या एका युक्तीनं घोडा ब्रशच्या खुणांशिवाय तयार होतो. वेलस्लीसाठी दोन घोडे वेगळे केले, कारण त्या दिवशी एक त्याच्याखाली गोळी लागून पडला आणि डायोमेड नावाच्या अरबी घोड्याला भाल्यानं जखम झाली. घोडा पडला की दुसरा ठेवायचा, तोपर्यंत एक डाव हुकूम देता येत नाही.

नियम घरचेच. नदी उताराशिवाय ओलांडायची असेल तर पायदळाचे दोन डाव जातात आणि पलटण विस्कळीत होते, तोफांना मनाई. गोलंदाजांसाठी: शत्रू तोफेवरून पुढे गेला की दर डावाला फासा, ५ किंवा ६ पडला तर पडलेला गोलंदाज उठतो. असईपासून ३० सेंटिमीटरच्या आत आलेल्या ऑरॉकच्या तुकड्यांसाठीही फासा; १ किंवा २ पडला तर त्या गावाकडेच सरकणार, खेळाडूची इच्छा काहीही असो.

सर्वात जास्त वाद शिंदे-भोसल्यांच्या घोडदळावर झाला. कागदावर तीस-चाळीस हजार. प्रत्यक्षात ७४वीवर धाड घातली ती सोडली तर हे दळ लांबच राहिलं. तेवढं घोडदळ टेबलावर मोकळं सोडलं तर कंपनीचा निकाल दुसऱ्या डावात लागेल. मित्राचं म्हणणं, शिंद्यांच्या खेळाडूला त्याच्या घोड्यांवर हुकूम नको म्हणणं हा अन्याय आहे. माझं म्हणणं, दौलतराव आणि रघूजी दोघंही रणात पुढे नव्हते. कवायती पायदळ एकाचं, घोडदळ दोघांचं, पोलमनचा शब्द पलटणींपुरता. त्यात ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अंमलदार निघून गेलेले. हे सगळं नियमात आलं नाही तर ती असई नव्हे. तोड अशी निघाली: घोडदळाच्या प्रत्येक गोटासाठी पत्त्यांच्या जोडातून पान ओढायचं, चित्राचं पान आलं तरच हलणार.

२८ सप्टेंबर

पहिला खेळ. मित्र पोलमन, मी वेलस्ली. त्यानं पहिल्याच डावात दोन तोफा आणि एक पलटण उतारासमोर आणून ठेवली. इतिहास वाचलेला माणूस उतार मोकळा सोडेल कशाला? माझ्या ७८वीचं पाण्यातच पीठ झालं.

त्यामुळे मांडणी बदलतोय. खेळ सुरू होईल तेव्हा कंपनीचं पायदळ केळणा ओलांडून उत्तर काठाला आलेलं असेल आणि पोलमनची फळी अजून दक्षिणेला, केळणेकडे तोंड करून. त्याचं पहिलं काम फळी काटकोनात फिरवून पूर्वेकडे करणं. खऱ्या पोलमननं हे इतक्या चटकन आणि इतक्या नीट केलं की समोरून बघणारा वेलस्ली चकित झाला. या पलटणींना एवढी कवायत येत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. १७ पलटणी त्या अरुंद जागेत फिरवताना आम्हाला टेबलावरच घाम फुटला. कोपऱ्यावरची पलटण जागेवर थांबते आणि टोकाची सुमारे १५० सेंटिमीटरचा वळसा घेते. तोफाही सोबत. हा भाग खेळात ठेवायचाच, पाने फिरवून मोकळं व्हायचं नाही.

दुसऱ्या फेरीत कंपनीची फळी तोफांपर्यंत गेली. बैलांवर पहिल्याच माऱ्यात ६ पडला आणि माझ्या दोन्ही तोफा मागे बसल्या. गोलंदाज दोनदा उठले. शेवटी मैदान माझ्याकडे, पण ७४वीची एक पट्टी उरली आणि घोडदळ अर्धं. इतिहासातही कंपनीचे १,५८४ मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांत ४२८ मृत. हाती आल्या ९८ तोफा. शेवटच्या हल्ल्यात मॅक्सवेल पडला. माझाही पडला, पण तो फाशांमुळे.

५ ऑक्टोबर

राहिलेली कामं. ३० सेंटिमीटरच्या पल्ल्यात ऑरॉक फार लवकर भरकटतो, तो २० वर आणायचा. जुईचा उत्तर काठ असईच्या मागे थोडा उतरता करायचा, कारण शेवटी शिंद्यांच्या पलटणी तिकडूनच पार झाल्या आणि आत्ता तिथे कोणी हलूच शकत नाही. बेगम समरूच्या ५ पैकी २ पलटणींचे पट्टे अजून काळे केलेले नाहीत, त्यामुळे मित्रानं काल त्यांच्यावर स्वतःच्याच तोफा चालवल्या. केळणेच्या दक्षिणेला म्हैसूर आणि पेशव्यांच्या बाजूचं जे घोडदळ थांबलं होतं, त्याच्या चार पट्ट्या प्रायमरपर्यंत आल्या आहेत. वरच्या फळीच्या कडेला व्हार्निशला चीर गेली आहे, तिथे परत एक हात.